बोलिव्हिया कसा समजून घ्यावा? दोन राजधान्या, समुद्राविना नौदल आणि रोज कुठेतरी अडवलेला रस्ता

रानजाई:

नमस्कार मंडळी. नवऱ्याला दीड वर्षासाठी ला पाझला काम मिळालंय आणि मीही सोबत जाणार आहे. माझं अनुवादाचं काम कुठूनही करता येतं, त्यामुळे ती चिंता नाही. पण पंधरा दिवस त्या देशाबद्दल वाचतेय आणि जितकं वाचावं तितका गुंता वाढतोय.

राज्यघटनेप्रमाणे राजधानी सुक्रे, पण राष्ट्राध्यक्ष, संसद, मंत्री सगळे ला पाझमध्ये. समुद्रकिनारा एक इंचही नाही, तरी नौदल आहे आणि 'समुद्र दिन'ही पाळतात. जमिनीखाली चांदी, कथील, गॅस, लिथियम, आणि तरीही खंडातल्या गरीब देशांत गणती. शिवाय कुठल्याही वर्षाची बातमी उघडा, 'ब्लोकेओ' हा शब्द असतोच. म्हणजे रस्ता अडवणं.

सनावळ्या मला मिळतात हो, नुसत्या त्या नकोत. हे सगळं एकमेकांत कसं अडकलंय ते तिथे राहिलेल्या कुणी सांगितलं तर बरं होईल. आणि जाता जाता: उंचीचा खरंच इतका त्रास होतो, की लोक वाढवून सांगतात?

शंखपुष्पी:

वाढवून अजिबात सांगत नाहीत! मी नऊच दिवस होते, त्यातले पहिले दोन कपाळ धरून. विमानतळ एल आल्तोला, चार हजार मीटरच्या वर. सामान उचलून वीस पावलं टाकली आणि धाप लागली. तिथे या त्रासाला 'सोरोचे' म्हणतात. पहिले दोन दिवस हळू चाला, रात्री पोटभर जेवू नका, हॉटेलवाले कोकाच्या पानांचा चहा देतात तो घ्या. रक्तदाबाची किंवा हृदयाची तक्रार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि प्रेशर कुकर न्या. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, राजमा दिवसभर टणक.

इतिहासाचं मात्र मला विचारू नका. पाणपोई तिथे राहून आलेत, ते लिहितीलच.

पाणपोई:

लिहितो. लांबेल, आधीच सांगतो.

रानजाई, मी जून २०१७ ते जानेवारी २०२० ला पाझमध्ये होतो, जलवाहिन्यांच्या कामावर. पाण्याच्या माणसाला कुठेही गेलं की पहिलं विचारायची सवय असते: वर कोण आणि खाली कोण? बोलिव्हिया मला जेवढा उलगडला तेवढा या एका प्रश्नानं.

ला पाझ म्हणजे खोल कढई. कढईच्या काठावर, ४,१०० मीटरच्या आसपास, एल आल्तो. तिथून पुढे पठार सपाट, थेट तितिकाका सरोवरापर्यंत. काठावरून खाली उतरलात की ३,६०० मीटरला जुनं शहर, मुरिय्यो चौक, संसद. आणखी खाली, ३,३०० च्या सुमाराला, सोना सुर, म्हणजे शहराचा दक्षिण भाग. तिथे झाडं उंच होतात, दुपारी स्वेटर निघतो आणि घरांची कुंपणंही उंच होतात. एरवी पैसेवाला माणूस टेकडीवर बंगला बांधतो, इथे पैसा उताराला लागतो. वर गारठा, विरळ हवा आणि खेड्यातून आलेल्या आयमारा या मूळ रहिवासी लोकांची विटांची घरं. शेजारी म्हणून वसलेलं एल आल्तो आता लोकसंख्येत ला पाझच्याही पुढे गेलंय.

खालच्या शहराला बटाटे, कोंबड्या, पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस बहुतेक सगळं काठावरून येतं. उतरणारे रस्ते मोजके. ते अडवले की राजधानीचा गळा हातात.

ही युक्ती कालपरवाची नाही. १७८१ साली तुपाक कातारी या कोकाची पानं विकणाऱ्या आयमारा माणसानं स्पॅनिश ला पाझला याच काठावर बसून वेढा घातला. मधला खंड धरून वेढा सहा महिन्यांच्या वर चालला, आतले हजारो लोक उपासमारीनं आणि रोगांनी मेले. त्याची बायको बार्तोलिना सिसा स्वतः फौज चालवत होती. शेवटी कातारीचे हातपाय चार घोड्यांना बांधून त्याला फाडून मारलं. 'मी परत येईन आणि लाखोंनी येईन' हे वाक्य त्याच्या नावावर सांगतात. तो खरंच तसं बोलला का, कोण जाणे, पण एल आल्तोच्या मोर्च्यात ते ऐकलंत तर अंगावर काटा येतो.

आता २००३ वर या. राष्ट्राध्यक्ष सांचेझ दे लोसादा, सगळे त्यांना 'गोनी' म्हणत. देशाचा नैसर्गिक वायू चिलीच्या बंदरातून अमेरिकेकडे पाठवायची योजना निघाली. चिली हे नाव कानावर पडलं तरी तिथे रक्त तापतं (का, ते खाली). एल आल्तोनं रस्ते बंद केले. सेनकाता हा तिथला इंधनाचा मोठा डेपो. लष्करानं टँकर बंदुकीच्या धाकावर खाली आणले, त्या ऑक्टोबरात साठाहून जास्त माणसं मेली आणि १७ तारखेला गोनी राजीनामा देऊन अमेरिकेला गेले. वेढा कातारीचाच, फक्त आत अडकलेले वेगळे.

पोतोसी या खाणीच्या गावाची गोष्ट कधी ना कधी कुणीतरी तुम्हाला चांदीच्या पुलाच्या दंतकथेपासून सांगेल, म्हणजे इथल्या चांदीत थेट स्पेनपर्यंत पूल झाला असता वगैरे. ऐकून सोडून द्या. खरी गोष्ट जास्त भयंकर आहे. १५४५ मध्ये सेर्रो रिको डोंगरात चांदी सापडली. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदो यांनी 'मिता' बसवली: दूरदूरच्या गावांनी आपल्या कामकरी पुरुषांपैकी सातातला एक दर वर्षी खाणीत पाठवायचा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला चार हजार मीटरवरच्या त्या गावात दीड लाखावर लोक होते. डोंगर आजही चालू आहे, सहकारी संस्थांचे खाणकामगार आत जातात. मी एकदा गेलो होतो. बोगद्यात शिंगं असलेला 'तिओ' बसवलेला असतो, पाताळाचा धनी. त्याला पानं, दारू आणि तोंडात पेटती सिगारेट. बाहेर देव, आत हा. माझ्यासोबतच्या कामगारानं आधी त्याची सिगारेट पेटवली, मग स्वतःची.

ही आठवण तिथे जिवंत आहे. उयुनीचं मिठाचं मैदान दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं, त्याखाली जगातल्या सर्वांत मोठ्या लिथियम साठ्यांपैकी एक, आणि ते पोतोसी प्रांतातच येतं. एका जर्मन कंपनीशी करार झाला होता. आमच्या वाट्याला काय, म्हणून पोतोसीत आंदोलन पेटलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारला तो रद्द करावा लागला. लिथियम अजून बहुतेक सगळं जमिनीतच आहे. बाहेरून बघणाऱ्याला हा आडमुठेपणा वाटतो. चांदी कुठे गेली ते माहीत असलेल्याला तसा वाटत नाही.

दोन राजधान्यांचं कोडं साधं आहे. सुक्रे हे वसाहतीच्या काळातलं न्यायालयाचं आणि विद्यापीठाचं गाव, ६ ऑगस्ट १८२५ ला स्वातंत्र्याची घोषणा तिथेच झाली. तेव्हा चांदीचा दबदबा. पुढे चांदी पडली, कथील वर आलं, पैसा ला पाझकडे सरकला. १८९८-९९ मध्ये दोन्ही शहरांचे पक्ष लढले, ला पाझचे उदारमतवादी जिंकले आणि सरकार घेऊन आले. सर्वोच्च न्यायालय तेवढं सुक्रेत राहिलं. ज्या पाब्लो साराते विल्का या आयमारा नेत्याच्या फौजेच्या बळावर ते जिंकले त्याला नंतर त्यांनीच पकडलं. हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतात.

समुद्राचं उद्या लिहितो, रात्र फार झाली.

जुनाट:

पाणपोई, लिहिता छान, पण एवो मोरालेस यांचं नाव न घेता बोलिव्हियावर एवढं लिहिणं म्हणजे कमालच. कातारी आणि वेढे ऐकायला रोमहर्षक आहेत. मी तिथे गेलेलो नाही, पण बातम्या बारकाईनं वाचतो. माणूस पहिला आदिवासी राष्ट्राध्यक्ष, मान्य. पण २००९ च्या स्वतःच्याच राज्यघटनेतली मुदतीची मर्यादा मोडायला २०१६ मध्ये सार्वमत घेतलं, ५१ टक्के मतं विरोधात जाऊन हरला, मग न्यायालयाकडून 'निवडणूक लढवणं हा मानवी हक्क' असा निकाल आणवला. जुन्या राष्ट्रपती भवनामागे २९ मजली टॉवर उभा केला. याला वेढा फोडणं म्हणायचं की वेढा घालणं?

पाणपोई:

जुनाट, टॉवरचा मुद्दा मान्य. मुरिय्यो चौकात उभं राहिलं की तो जुन्या इमारतींच्या मागून उंटासारखा मान काढतो. सार्वमताचाही मान्य. २१ फेब्रुवारीचं ते 'नाही' भिंतीभिंतीवर रंगवलेलं मी रोज बघायचो.

पण माझ्या घरमालकीणबाईंची बाजू सांगतो. सोपोकाची भागातलं जुनं घर, त्या तळमजल्यावर. स्वतः पोय्येरा, म्हणजे तो घोळदार घागरा, नेसणाऱ्या. त्यांची आई मोलकरीण होती. १९५२ च्या क्रांतीआधी आईसारख्या बायकांना मुरिय्यो चौकातून चालायची मुभा नव्हती, हे त्या मला निदान दहा वेळा सांगून मोकळ्या झाल्या होत्या. ती क्रांती लक्षात ठेवा, रानजाई. एप्रिल १९५२. मत निरक्षरांना आणि बायकांनाही मिळालं, पातिन्यो, होखशिल्ड, आरामायो या तीन कथीलसम्राटांच्या खाणी सरकारनं घेतल्या, पुढच्या वर्षी जमीनसुधारणा. त्यामागून लष्करी राजवटी आल्या, १९८४-८५ मध्ये महागाईनं असा कहर केला की १९८७ मध्ये दहा लाख जुन्या पेसोंचं एक नवं बोलिव्हियानो करावं लागलं. पण चौकात चालायचा हक्क परत गेला नाही.

एवो २००६ मध्ये आले तेव्हा बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा दूरदर्शनवर आपल्यासारखा चेहरा खुर्चीत पाहिला. वायूचं राष्ट्रीयीकरण, त्या पैशातून म्हाताऱ्यांना दरमहा भत्ता, २०१४ पासून शहरावरून जाणारे केबलचे डबे. सरकारी आकड्यांत अतिगरिबी २००५ मध्ये ३८ टक्के होती ती २०१८ पर्यंत १५ वर आली. त्याच बाई २०१६ मध्ये 'नाही'ला मत देऊन आल्या होत्या. 'पोरगा चांगला आहे, पण घरी जायची वेळ कळत नाही,' म्हणायच्या. एवढं नेमकं मला एकाही अग्रलेखात वाचायला मिळालं नाही.

आता समुद्र. १८७९ पर्यंत बोलिव्हियाला सुमारे ४०० किलोमीटर किनारा होता, अताकामा वाळवंटात, आंतोफागास्ता बंदरासकट. तिथल्या खारमातीवर, म्हणजे सॉल्टपीटरवर, १८७८ मध्ये क्विंटलमागे दहा सेंटांचा कर बसवला. खाणी चिली-ब्रिटिश भांडवलाच्या. कर नाकारला गेला, जप्तीची वेळ आली, त्याच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७९ ला, चिलीचं सैन्य आंतोफागास्तात उतरलं. पुन्हा वर-खालीच बघा: राज्य करणारे उंच डोंगरांत, किनारा वाळवंटापलीकडे, तिथे राहणारे बहुतेक चिलीचेच. २३ मार्चला कालामाजवळ एदुआर्दो आबारोआ लढताना पडले. शरण ये म्हटल्यावर 'तुमच्या आजीला सांगा शरण जायला' अशा अर्थाचं, शेवटी एक शिवी जोडून, बोलले म्हणतात. शाळेतली पोरं हे वाक्य शिवीसकट पाठ म्हणतात आणि शिक्षिकेला ऐकावं लागतं! १९०४ च्या तहात किनारा कायमचा गेला.

नौदलाची आताची घडी १९६३ पासूनची. तितिकाकावर आणि अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या नद्यांवर गस्त घालतं, त्यामुळे अगदीच विनोद नाही. मार्च २०१८ मध्ये ओरुरो ते ला पाझ महामार्गावर जवळपास दोनशे किलोमीटर लांब निळा झेंडा अंथरला होता. आमच्या ऑफिसातले अर्धे लोक तो धरायला गेले. १ ऑक्टोबरला हेगच्या न्यायालयानं, समुद्राची वाट मागणाऱ्या बोलिव्हियाच्या दाव्यावर, १२ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला, चिलीवर वाटाघाटीचं बंधन नाही. टीव्हीसमोर कुणी काही बोललं नाही. आमचा ड्रायव्हर उठला, चहाचे कप गोळा करायला लागला. ते काम त्याचं नव्हतं.

रानजाई:

पाणपोई, तुमचे आणि बाईंचेही आभार! दोन शंका. नकाशात पूर्वेकडचा अर्धाअधिक देश तर सखल, हिरवा दिसतो. 'वर आणि खाली' तिथे कसं लागू होतं? आणि आत्ता नेमकं कोण सत्तेवर आहे, पेट्रोलच्या रांगा कशाच्या? घर कुठे बघावं तेही सांगा.

पाणपोई:

हिरव्याबद्दल विचारलंत ते बरं केलंत. ला पाझकरांशी बोलून मी तो अर्धा देश विसरायला लागलो होतो. सांता क्रूझ ४०० मीटरवर, गरम, सोयाबीन आणि गुरं, देशातलं सर्वांत मोठं शहर. १९५४ मध्ये कोचाबांबाहून पक्की सडक आली तोवर आडगाव होतं. तिथले स्वतःला 'काम्बा' आणि वरच्यांना 'कोय्या' म्हणतात, कधी प्रेमानं, बहुतेकदा नाही. पैसा आम्ही कमावतो आणि हुकूम वरून येतो, ही त्यांची जुनी तक्रार. रस्ते अडवणं तेही शिकले: २०२२ मध्ये जनगणना लांबवली म्हणून सांता क्रूझ ३६ दिवस बंद होतं. जनगणनेसाठी! कारण डोकी मोजली की निधी आणि संसदेतल्या जागा खाली सरकणार होत्या.

वरच्यांना खालचं किती परकं होतं ते चाकोच्या युद्धात दिसतं. १९३२ ते ३५, पाराग्वेशी, तेल असल्याच्या आशेनं. पठारावरच्या आयमारा-केचुआ पोरांना काटेरी रानाच्या भट्टीत उतरवलं. गोळीइतकीच माणसं तहानेनं आणि आजारानं मेली. हरून परतलेल्यांनी 'आम्ही कुणासाठी मेलो' असं विचारायला सुरुवात केली आणि त्यातूनच १९५२ उभं राहिलं.

आत्ताचं थोडक्यात. २०१९ च्या ऑक्टोबरात वादग्रस्त निवडणूक, मोजणीवर आरोप, तीन आठवडे निदर्शनं, पोलीस उलटले, लष्करप्रमुखांनी राजीनामा 'सुचवला' आणि १० नोव्हेंबरला एवो गेले. ते बंड होतं की जनउठाव, यावर एकाच टेबलावरचे दोघे भाऊ अजून भांडतात. हंगामी सरकारच्या काळात साकाबा आणि सेनकाता इथे किमान वीस माणसं गोळीबारात मेली. २०२० मध्ये एवोंच्याच पक्षाचे लुईस आर्से निवडून आले, मग त्यांच्यात आणि एवोंत फाटलं. वायूचं उत्पादन उतरत गेलं, डॉलर आटले. पेट्रोल वर्षानुवर्षं ३ बोलिव्हियानो ७४ सेंतावोला विकायचं आणि बाहेरून महाग आणायचं, डॉलर संपल्यावर रांगा लागणारच. जून २०२४ मध्ये एका जनरलनं चिलखती गाडी राष्ट्रपती भवनाच्या दारावर घातली, काही तासांत मागे घेतली. २०२५ मध्ये स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली आणि त्याच वर्षी त्या पक्षाची जवळपास वीस वर्षांची सत्ता गेली. दुसऱ्या फेरीत रोद्रिगो पाझ जिंकले, ८ नोव्हेंबरला शपथ घेतली. वडील हाइमे पाझ सामोरा हेही राष्ट्राध्यक्ष होते. नव्या सरकारनं डिसेंबरात इंधनाचं अनुदान काढलं आणि लगेच रस्ते अडले. एल आल्तोच्या काठावर बसणाऱ्यांना पक्षाचं वावडं नसतं.

घर सोपोकाचीत बघा. चढ आहेत, पण पिवळ्या लाइनचं केबलचं स्टेशन तिथेच, बाजार पायी. बाजारात एकच भाजीवाली धरा. ती तुम्हाला 'कासेरिता' म्हणेल, तुम्हीही तिला तेच म्हणायचं. वजन झाल्यावर वर दोन बटाटे पडतात, त्याला 'यापा' म्हणतात. नाही पडले तर मागायचे, संकोच करू नका. मतदानाच्या दिवशी परवान्याशिवाय गाडी काढता येत नाही, दारू बंद, पोरं हमरस्त्यावर फुटबॉल खेळतात. मतदान सक्तीचं, दाखला नसेल तर बँकेचं काम पुढचे तीन महिने अडतं. संसदेवरचं घड्याळ २०१४ पासून उलटं फिरतं, बिघडलेलं नाही, मुद्दाम तसं केलंय.

आणि २०१९ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. सेनकाता बंद झालं आणि बाजारातून आधी कोंबडी गेली, मग अंडी, मग गाड्या. आठव्या दिवशी माझा सिलिंडर संपला. सिलिंडरला तिथे 'गार्राफा' म्हणतात. खाली घरमालकीणबाईंकडे गेलो तर जिन्याखाली दोन भरलेल्या. एक २००३ नंतर घेतलेली, दुसरी तिच्या जोडीला. आठवडाभर आम्ही चार बिऱ्हाडं त्यांच्या एका शेगडीवर पाळीपाळीनं शिजवत होतो, माझी पाळी रात्री साडेनऊची. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात दुसरी गार्राफा घेऊन ठेवा, आणि ती रिकामी झाली की त्याच दिवशी भरून आणा.

रानजाई:

नवऱ्याला यादीत सर्वांत वर गार्राफा लिहायला लावलं. त्याखाली प्रेशर कुकर.